बारा पिशव्यांची माती

बारा पिशव्यांतली माती सारखीच निघाली, तेव्हा मला आधी माझ्याच हाताचा संशय आला.

नगरच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत लागून मला वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. वडील शाळामास्तर, मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि त्या इमारतीत काम करणारी एकटीच बाई. प्रवरेच्या कालव्यावरच्या उसाच्या जमिनी तेव्हा चोपण होत चालल्या होत्या. उसाला वर्षानुवर्षं भरमसाठ पाणी द्यायचं, ते खाली मुरून साठायचं, जमिनीतले क्षार घेऊन पुन्हा वर यायचं आणि मागे पांढरा थर ठेवून उडून जायचं. अशी जमीन भिजली की साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की दगड. कुठल्या गावात ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याचे नकाशे करायचं काम आमच्याकडे आलं होतं.

आमचे सर्वेक्षक गावोगाव फिरून कापडी पिशव्यांत माती भरून आणत. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर बांधलेली, दोन्हींवर शेताचा नंबर. मी माती वाळवायची, चाळायची, पाण्यात ढवळून तिचा खारेपणा मोजायची आणि येईल त्या आकड्यानुसार गावच्या नकाशावर रंग भरायची. चांगली जमीन हिरवी, बिघडू लागलेली पिवळी, चोपण ती तांबडी. रंगवायचं काम खरं तर ड्राफ्ट्समनचं, पण ती जागा रिकामी होती आणि माझा हात नीट होता.

त्या बारा पिशव्या देवळाली प्रवराच्या पलीकडच्या एका वस्तीवरून आल्या होत्या. एकाच मोठ्या शेताचे बारा नमुने, पन्नास-पन्नास पावलांवर घेतलेले. सगळ्यांचा आकडा एकच, दशांशापर्यंत. मी काचेची भांडी पुन्हा धुतली, नवं डिस्टिल्ड पाणी घेतलं आणि पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्या दिवशी पिशव्यांचे नंबर झाकून, क्रम उलटसुलट करून मोजलं. तरी तेच. माती अशी वागत नाही. घरामागच्या परसातल्या दोन कोपऱ्यांची मातीसुद्धा सारखी नसते.

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे प्रयोगशाळेचे अधिकारी. माणूस सज्जन, पण फाइल मिटली की सुखावणारा.

"चांगली माती निघाली ना?" ते म्हणाले. "मग आनंद आहे. हिरवा भरा आणि गाव पुरं करा. मी तर पुरं झालं म्हणून वर कळवूनही बसलोय."

"साहेब, ही बारा ठिकाणची माती नाही. एकाच जागेची बारा पिशव्यांत भरली आहे."

त्यांनी सर्वेक्षकाला बोलावलं. पस्तिशीचा माणूस, उन्हानं रापलेला, दोन मुलांचा बाप. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी उन्हातान्हात फिरतो, साहेब. सावलीत बसून चुका काढणं सोपं असतं."

ते मला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. मी एकदाही शेतात गेलेले नव्हते.

"मग मी जाते," मी म्हणाले. "पुन्हा नमुने घेऊन येते."

साहेब हसले. "बाईमाणसानं तिथं चिखलात गिरमिट फिरवायचं?" पण मी दारातून हलेना, तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "दोन दिवस. शिपायाला बरोबर न्या. आणि तिथं कोणाशी वाद घालू नका."

आमचे शिपाई पन्नाशी उलटलेले, जामखेडकडचे. त्यांना सगळेच मामा म्हणत. माती काढायचं ते लोखंडी गिरमिट खांद्यावर टाकून ते माझ्याबरोबर एस.टी.त बसले. पावसानं दगा दिल्याचं ते वर्ष. नगर सोडलं तसं दोन्ही अंगांना करडी, उघडी रानं आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं. डोक्याला फडकं बांधलेल्या बायका, हातोडीखाली तळहाताएवढा दगड. मामा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या गावी विहिरींना तळ दिसत होता आणि बायको-सून असल्याच एका कामावर जात होत्या. राहुरीच्या पुढे कालव्याचा पट्टा लागला, हिरवा ऊस दिसला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हितं देव येगळा दिसतोय."

देवळालीपासून वस्तीवर चालत गेलो. शेताच्या बांधावर एक म्हातारा उभा होता. धोतर, मुंडासं, हातात काठी. मी नमस्कार केला, आबा म्हटलं, कोण कुठली ते सांगितलं.

"माती न्यायची न्हाई," ते म्हणाले.

"आबा, फक्त पसाभर..."

"पसाभर न्हाई आन् चिमूटभर न्हाई. मागं तुमचा तो साहेब आल्ता, त्यालाबी हेच सांगितलं. त्यो गेला मुकाट. कालव्याच्या भरावावरनं काय उकरून घिऊन गेला, त्याचं त्याला ठावं."

बारा पिशव्यांचा उलगडा असा उभ्या उभ्या झाला. मला राग यायला हवा होता, पण त्या काठीकडे बघून मला सर्वेक्षकाची थोडी दयाही आली.

"का नाही म्हणता?" मी विचारलं.

"एकदा का तुमच्या कागदावर तांबडा रंग लागला, का संपलं. नातवाचं जमतंय औंदा. पाव्हनं उद्या कचेरीत इचारतील, जमीन कशी हाय? तर तुमी सांगनार, चोपन." त्यांनी काठी बांधावर आपटली. "जावा बाई तुमी. ऊन लई हाय."

मी बांध ओलांडला नाही. साहेबांना वाद न घालण्याचं कबूल केलं होतं. पण परतही गेले नाही. शेताच्या तीन बाजूंना दुसऱ्यांची रानं होती. त्या मालकांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती. मग मामा आणि मी दिवसभर त्या शेताभोवती फिरलो. मामा गिरमिट दाबून फिरवायचे, मी माती पिशवीत भरायची आणि चिठ्ठी लिहायची. साडीचा काठ चिखलानं जड झाला, चपलेचा पट्टा तुटला, मग अनवाणीच. आबा बांधावर बसून आमच्याकडे बघत होते. आम्ही त्यांच्या रानाच्या जवळ यावं तशी माती बदलत होती. लांब ती भुसभुशीत, काळीभोर. बांधाजवळ गिरमिटाला चिकटून बसणारी, राखेच्या रंगाची.

दुपारी त्यांची सून तांब्या घेऊन आली. पहिला घोट घेतला आणि माझ्या तोंडावर काय आलं असेल कोण जाणे, ती ओशाळली.

"मचूळ हाय पानी, ताई. आमाला सवं झालीय. डाळ म्हनून शिजत न्हाई ह्या पान्यात." मग सासऱ्याकडे पाठ करून हळूच म्हणाली, "त्या खालच्या कोपऱ्यात पांढरी माती वर येती बगा. आमी धुन्याला वापरतो, साबन लागत न्हाई."

कपडे धुण्याजोगी माती ज्या रानात वर येते, तिथे हिरवा रंग कसा भरायचा? तिनं मला रात्री तिच्याकडेच निजायला नेलं, आणि आबांनी त्याला नाही म्हटलं नाही. वैर मातीपुरतं होतं; दारी आलेल्या बाईला उपाशी पाठवायची त्या घराची रीत नव्हती.

सकाळी मी पिशवीतून काचेची दोन भांडी काढली आणि ओट्यावर ठेवली. नगरहून आणलेली डिस्टिल्ड पाण्याची बाटली शेजारी ठेवली.

"आबा, तुमच्या रानात मी पाय ठेवत नाही. गिरमिटही नको. तुम्ही तुमच्या हातानं एक मूठ माती आणा. कागदावर काही लिहिणार नाही. फक्त दोघं मिळून बघू."

"काय बघायचं?"

"या एका भांड्यात शेजारच्यांची, बांधापासून लांबची माती, दुसऱ्यात तुमची. स्वच्छ पाण्यात ढवळायची आणि बसू द्यायची. धड माती खाली बसते, पाणी निवळतं. चोपण माती बसत नाही."

ते उठले, रानात गेले आणि मूठ मिटून परत आले. खालच्या कोपऱ्यातली नव्हे, मधल्या, त्यांना चांगल्या वाटणाऱ्या जागेतली माती त्यांनी आणली असणार, हे मला कळत होतं. मी विचारलं नाही.

दोन्ही भांडी ढवळून ओट्यावर ठेवली. सुनेनं चहा टाकला. चहा पिऊन होईस्तोवर शेजारच्यांच्या मातीवरचं पाणी वरून उजळू लागलं होतं. आबांच्या भांड्यात दुधाच्या चहासारखा गढूळपणा जसाच्या तसा. ऊन ओट्यावर चढलं. शेजारच्या भांड्यातून आता पलीकडची भिंत दिसत होती. दुसऱ्यातून काहीच नाही. आबा जागचे हलले नाहीत. एकदा त्यांनी भांडं उचलून उजेडात धरलं, पुन्हा ठेवलं.

"हालवलं म्हनून आसंल," ते म्हणाले, आणि पुन्हा बसले.

दुपारच्या भाकरीच्या वेळेपर्यंत ते पाणी गढूळच होतं. मग ते उठले, गोठ्यातून कुदळ-फावडं आणलं आणि मामांच्या पुढ्यात टाकलं.

"चला. आता सगळंच बघू."

खालच्या कोपऱ्यात, जिथे ऊस गुडघ्याएवढा राहून पिवळा पडला होता, तिथे खणायला सुरुवात केली. मामा खणत होते, आबा माती ओढत होते. कमरेएवढा खड्डाही झाला नसेल, की तळाला पाझर दिसू लागला. बघता बघता घोट्याएवढं पाणी साठलं.

सगळा जिल्हा पाण्यासाठी वणवण करत होता आणि इथे दोन हातांवर पाणी. मामांनी फावडं टाकलं, वाकून ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. लगेच थुंकले. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"आमच्याकडं बायका दोन कोस जातेत घागरीसाठी," ते म्हणाले. "आन् हे आसं. ढोराच्याबी कामाचं न्हाई."

आबा खड्ड्याच्या काठावर टेकले. "समदा मुलूख म्हनतोय पानी न्हाई, आन् तुमी म्हनता मला पानी जास्त झालं."

"वरून देता ते जास्त झालं, आबा. त्याला खालून निघून जायला वाट नाही."

"वाट," ते म्हणाले. त्या वेळी ते त्या शब्दापाशी का थांबले, मला कळलं नाही. "घ्या. बारा पिशव्या घ्या, का वीस. पर खोटं लिवू नका. जेवढं हाय तेवढंच लिवा."

नगरला आले आणि तीन दिवसांत सगळे आकडे काढले. खालचा भाग सगळा तांबडा, मधला पिवळा. साहेबांनी कागद बघून कपाळाला हात लावला. गाव पुरं झालं म्हणून वर कळवलं होतं. आता दुरुस्तीचं काय कारण लिहायचं? खरं कारण लिहिलं तर सर्वेक्षकाची नोकरी अडचणीत. "असू द्या ना," ते म्हणाले. "एक शेत. जिल्ह्याच्या नकाशावर मोहरीएवढं."

"त्या शेतावर सहा माणसं जगतात, साहेब."

मी रोज सकाळी ती फाइल त्यांच्या टेबलावर ठेवायची. संध्याकाळी ती सहीशिवाय माझ्या टेबलावर परत यायची. असं आठवडाभर चाललं. शेवटी मीच सर्वेक्षकाकडे गेले. तो अंगणात सायकल पुसत होता.

"काठी उगारली त्यानं," तो म्हणाला. "मी काय करणार होतो?"

"चिठ्ठीवर 'मालकाने अडवले' लिहायचं आणि पिशवी रिकामी आणायची. नकाशावर कोरी जागा चालते. खोटा रंग चालत नाही."

मग मी बरोबर नेलेला मसुदा दाखवला. मालकाने शेतात येऊ न दिल्यामुळे पहिले नमुने शेताबाहेरून घेतले गेले, ते रद्द समजावेत. अक्षर न अक्षर खरं होतं. त्यात त्याला चोर म्हटलेलं नव्हतं आणि त्याला सोडलेलंही नव्हतं. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या त्यानं सही केली, आणि खाली साहेबांनी. वरून त्याला एक ताकीद आली, एवढ्यावर भागलं. आमचं बोलणं मात्र दोन महिने बंद होतं.

महिन्याभरानं आबा प्रयोगशाळेच्या दारात उभे. मला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, "पाव्हनं मोडलं. मीच सांगितलं त्यास्नी, खालचं रान ग्येलंय म्हनून. कचेरीत कळन्यापरीस माज्या तोंडानं कळलेलं बरं."

मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. "मला त्यो नकाशा दावा."

मी गावचा नकाशा टेबलावर पसरला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कालवा कुठला, मारुतीचं देऊळ कुठलं हे सांगितल्याबरोबर त्यांचं बोट आपलं शेत अचूक शोधून गेलं. "सगळं तांबडं न्हाई की," ते म्हणाले. इतके दिवस ते सगळंच गेलं असं धरून चालले होते. जिथे तांबडा संपून पिवळा लागतो त्या रेषेवर त्यांनी बोट ठेवलं. मग ते बोट बांध ओलांडून शेजारच्या रानात गेलं, तिथून पुढच्या. तांबडा पट्टा एकामागून एक पाच शेतांतून वाकडातिकडा नदीकडे उतरत होता. मीच तो रंगवला होता, पण शेत सुटं सुटं भरताना तो सलग आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"बाई," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "हा वढा हाय."

"कुठला ओढा? नकाशावर ओढा नाही."

"तुमच्या नकाशावर नसंल. माज्या ल्हानपनी हितनंच वाहायचा, नदीला मिळायचा. कालवा आला, ऊस आला, तवा माज्या बापानं बुजवला. वरच्यांनी बुजवला, खालच्यांनी बुजवला. तेवढंच रान वाढलं." ते खुर्चीवर आता बसले. "पान्याची वाट आमीच मुजवली व्हय."

मी पळत साहेबांना घेऊन आले. साहेब नकाशावर वाकले, आबांनी पुन्हा सगळं सांगितलं. पहिल्यांदाच साहेबांनी फाइल स्वतःहून मागवली. जुन्या ओढ्याच्या वाटेनं खोल चर खणला तर साठलेलं पाणी नदीकडे उतरेल, असा प्रस्ताव आम्ही त्याच दिवशी लिहायला घेतला. दुष्काळी कामं जागोजाग चालूच होती, हातांना काम हवंच होतं. त्यात हा चर बसवायचा होता. पण पाचही मालकांची संमती लागणार होती, कारण प्रत्येकाचं थोडंथोडं रान चरात जाणार होतं.

ते काम आबांनी अंगावर घेतलं. नकाशाची एक प्रत गुंडाळी करून त्यांनी नेली आणि घरोघर पसरली. दोन जण लगेच तयार झाले. एकानं विचार करतो म्हणून पंधरा दिवस काढले. चौथा भाऊबंदकीतला, त्याच्याशी आबांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या ओट्यावर जाऊन ते बसले, पाणी मागितलं आणि मग बोलले. पाचवे ते स्वतः. मी तीनदा वस्तीवर गेले, एकदा सर्वेक्षकही बरोबर आला. चराची रेघ त्यानं आखून दिली. उताराचं त्याचं ज्ञान माझ्यापेक्षा किती तरी जास्त होतं, आणि हे मी त्याला सांगितलं. तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. चैत्राच्या उन्हात शंभरभर माणसं त्या जुन्या ओढ्याची वाट उकरत होती. आबांची सून पाटी डोक्यावर घेऊन रांगेत होती. मामांनी रजा काढून आपल्या बायकोला आणि सुनेला त्या कामावर आणलं, वस्तीवरच त्यांची राहायची सोय झाली. चराचं खालचं तोंड नदीपाशी उघडलं त्या दिवशी मी तिथे होते. आधी नुसती ओल, मग दोऱ्याएवढी धार, मग ती हलकेच वाहू लागली. आबांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट हाय," ते म्हणाले. "जाऊ द्या. जाऊ द्या सगळं."

जमीन एका वर्षात सुधारली असं मी सांगणार नाही. पहिला पाऊस चांगला झाला, त्यानं थोडं धुतलं. क्षार सुटे व्हावेत म्हणून जिप्सम टाकलं, ताग पेरून गाडला, पाण्याच्या पाळ्या कमी केल्या. पाणी कमी करायला आबांना सगळ्यात जड गेलं. दुसऱ्या वर्षी पिवळ्या भागात गहू आला. तांबड्यातला निम्मा तिसऱ्या वर्षी पिकू लागला. अगदी खालचा कोपरा काही केल्या आला नाही. तिथे त्यांनी बाभळी लावल्या. नातवाचं लग्न चर झाला त्याच्या पुढल्याच सालात झालं, राहुरीच्याच बाजूची मुलगी. मी आणि मामा जेवायला गेलो होतो. पंगतीत आबांनी मला आग्रहानं दुसऱ्यांदा बुंदी वाढली आणि शेजारच्या व्याह्यांना सांगितलं, "ह्या बाईनी माजं रान तांबडं केलं." व्याही गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर कोपरगावच्या बाजूची गोदाकाठची गावं तपासणीला निघाली. साहेबांनी दौऱ्याच्या यादीत माझं नाव न विचारता घातलं. मी बाजारात जाऊन पुरुषांच्या मापाचे कॅनव्हासचे बूट घेतले, पुढे कापूस कोंबला आणि सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं निघाले.